लेकराशी बोला, आपल्याच भाषेत बोला!

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी पाक्षिक सुरू केले आणि त्याला नाव दिले 'मूकनायक'. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या बोलूच दिले नाही, त्या समाजाची ती वाचा होती. चावडीपुढे उभे राहायचे ते मान खाली घालून, बोलायचे ते हात जोडून आणि विचारले तेवढेच, हा आमच्या आज्या-पणज्यांवर लादलेला शिरस्ता होता. बाबासाहेबांनी तो मोडला. आज आमचा माणूस व्यासपीठावर बोलतो, न्यायालयात बोलतो, विधिमंडळात बोलतो, लेखणीतून बोलतो. याचा आम्हाला रास्त अभिमान आहे.

परंतु सभेत तासन्‌तास बोलणारा हा समाज घरात पाळण्यातल्या लेकराशी किती बोलतो? हा प्रश्न आज आम्ही मुद्दाम विचारत आहोत. पनवेल, नवीन पनवेल, कामोठे, कळंबोली, तळोजा या भागातल्या आपल्या वस्त्यांमधून एक फेरी मारा. बाप लोखंड बाजारात किंवा एमआयडीसीत शिफ्टला, आई चार घरची धुणीभांडी उरकायला किंवा पहाटेच्या लोकलने कामावर, आजी-आजोबा तिकडे मराठवाड्यात नाहीतर विदर्भात. घरात उरते ते बाळ आणि मोबाईल. रडले की मोबाईल, जेवत नाही की मोबाईल, झोपत नाही की मोबाईल. आणि आई-बाप जे काही बोलतात ते 'बेबी, ईट कर', 'वॉटर पी' अशा भाषेत, जी धड इंग्रजी नाही आणि धड मराठीही नाही. दोन-अडीच वर्षे होऊनही लेकराच्या तोंडून शब्द फुटत नाही, तेव्हा मात्र घर धास्तावते. मग कोणी म्हणते, याचा बापही उशिराच बोलला होता. कोणी वेखंड उगाळून चाटवायला सांगते. कोणी नवस बोलायला सांगते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात नवस!

हा बायाबापड्यांचा घरगुती विषय आहे, वर्तमानपत्रात कशाला, असे कोणी म्हणेल. आमचे म्हणणे उलट आहे. 'शिका' हा आदेश शाळेच्या दारात सुरू होत नाही. जे लेकरू पाच-सहा वर्षे भाषेवाचून वाढते, ते पहिलीच्या वर्गात बसते तेव्हाच मागे पडलेले असते. मास्तर त्याच्या नावापुढे 'मठ्ठ' असा शेरा मनातल्या मनात मारून मोकळे होतात, आणि पुढे गुणवत्तेचे ढोल वाजवणारे त्याच शेऱ्याला पुरावा म्हणून पुढे करतात.

तेव्हा आधी विज्ञान काय सांगते ते पाहू. मूल बोलायला शिकते ते आधी कानाने. आईच्या पोटात शेवटच्या तीन महिन्यांत बाळाला आवाज ऐकू येऊ लागतात. जन्मल्यानंतर दोन-तीन दिवसांतच ते परक्या बाईच्या आवाजापेक्षा आईचा आवाज ऐकणे पसंत करते, हे डीकॅस्पर आणि फायफर या संशोधकांनी १९८० मध्ये प्रयोगाने दाखवले. दोन-तीन महिन्यांचे बाळ हुंकार देते. सहा महिन्यांच्या पुढे बा-बा, दा-दा, मा-मा अशी अक्षरे घोळवते. नऊ महिन्यांच्या सुमारास नावाने हाक मारली की वळून पाहते. वर्षाच्या आगेमागे पहिला अर्थाचा शब्द येतो आणि दोन वर्षांचे झाले की 'आई पानी', 'बाबा गेला' असे दोन शब्द जोडले जातात. मूल तेवढे वेगळे असते, थोडे मागेपुढे होतेच.

या वाटेवर शब्दाच्या आधी खूण येते. आपल्या घरांत नऊ-दहा महिन्यांच्या बाळाला 'जयभीम कर' म्हटले की ते इवलेसे हात जोडते आणि सारे घर हसते. हे नुसते कौतुक नाही. ऐकलेल्या शब्दाला कृतीने उत्तर देणे हा संभाषणाचा पहिला धडा आहे. भिंतीवरच्या फोटोकडे बोट करून बाळ 'बा-बा' म्हणते तेव्हा 'हो रे माझ्या राजा, बाबासाहेब! त्यांच्या हातात काय आहे? पुस्तक आहे, पुस्तक!' असे म्हणणारी आजी नकळत बालतज्ज्ञाचेच काम करत असते. २०१८ मध्ये रेचल रोमियो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत चार ते सहा वर्षांच्या मुलांचा अभ्यास केला. मुलाने एकूण किती शब्द ऐकले यापेक्षा मोठ्यांशी त्याची बोलण्याची देवाणघेवाण किती झाली, याचा संबंध मेंदूतल्या भाषेच्या केंद्राच्या कामाशी अधिक असल्याचे त्यांना आढळले. घरच्या मिळकतीचा हिशेब बाजूला काढला तरी हा संबंध कायम राहिला. म्हणजे लेकराशी बोलायला बंगला लागत नाही. त्याने हुंकार दिला की आपण उत्तर द्यायचे, मग थांबायचे, पुन्हा त्याची पाळी येऊ द्यायची. एवढेच!

मोबाईल हे करू शकत नाही. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत बोलका आहे. नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांच्या एका गटाशी चिनी भाषा बोलणारी माणसे समोर बसून खेळली, बोलली. दुसऱ्या गटाला तीच माणसे, तेच बोलणे पडद्यावर दाखवले. पहिल्या गटातली बाळे चिनी भाषेतले ध्वनी वेगळे ओळखू लागली. पडद्यासमोरची बाळे काहीच शिकली नाहीत. भाषा माणसाकडून माणसाकडे जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्पष्ट सांगितले की एक वर्षाच्या आतील बाळाला पडदा अजिबात नको, वर्षाच्या पुढच्यालाही तो नकोच, आणि दोन वर्षांनंतर दिवसाला फार तर एक तास. गावाकडच्या आजीशी व्हिडिओ कॉलवर बोलायला हरकत नाही, कारण तिथे समोरचे माणूस लेकराला उत्तर देते. हरकत आहे ती लेकराला गप्प करण्यासाठी हातात दिलेल्या मोबाईलला. ज्याला गप्प करायचे त्याला मोबाईल द्या आणि मग तो बोलत नाही म्हणून डॉक्टरकडे न्या, हा कुठला न्याय?

आता मूळ मुद्दा. बोलायचे कोणत्या भाषेत? आमचे उत्तर आहे, जी तुमच्या चुलीपाशी बोलली जाते त्या भाषेत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंद आहे. पण 'पाणी'ला 'पानी' म्हणणाऱ्या आमच्या माय-बापांच्या मराठीला याच मराठीच्या मक्तेदारांनी आजवर 'अशुद्ध' म्हणून हिणवले. माणसाला शिवल्याने विटाळ मानणाऱ्यांनी शब्दांतही सोवळे-ओवळे आणले. त्याचा परिणाम असा की आमची शिकलेली सूनबाई स्वतःच्या माहेरची बोली बाळापुढे बोलायला लाजते. बाळाच्या आजीला 'असं गावंढळ बोलू नका त्याच्यापुढं' म्हणून गप्प करते. वऱ्हाडी असो, मराठवाडी असो की पनवेलच्या खाडीकाठची आगरी-कोळी बोली असो, प्रत्येक बोलीला व्याकरण आहे, म्हणी आहेत, गोष्टी आहेत. आजीचे तोंड बंद केले की लेकराचे अर्धे शब्दभांडार बंद होते.

तथागतांनी हा प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वी निकाली काढला आहे. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात कथा आहे. यमेळु आणि तेकुल हे ब्राह्मण कुळातून आलेले दोघे भाऊ भिक्खू झाले होते. नाना कुळांतून, नाना जातींतून आलेले भिक्खू आपापल्या बोलीत बुद्धवचन बोलून ते बिघडवतात, अशी त्यांची तक्रार. ते छंदोबद्ध वैदिक भाषेत घालण्याची त्यांनी परवानगी मागितली. भगवंतांनी त्यांची कानउघाडणी केली आणि 'सकाय निरुत्तिया', म्हणजे सर्वसाधारणपणे लावल्या जाणाऱ्या अर्थाप्रमाणे आपापल्या भाषेत, धम्म शिकण्याची मुभा दिली. धम्म जर आपल्या बोलीत सांगता येतो, तर 'चिऊ आली, काऊ आला' सांगायला कोणाच्या शुद्धतेचा दाखला हवा?

गोरगरिबांच्या घरात भाषाच दरिद्री असते, हा समज केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत १९९५ मध्ये हार्ट आणि रिस्ले या दोघांनी पुस्तक लिहून सांगितले की गरीब घरचे मूल तीन वर्षांचे होईपर्यंत सुशिक्षित घरच्या मुलापेक्षा तीन कोटी शब्द कमी ऐकते. हा आकडा जगभर गाजला. पण अभ्यास होता ४२ कुटुंबांचा, त्यात सरकारी मदतीवर जगणारी कुटुंबे अवघी सहा आणि ती कृष्णवर्णीय. २०१८ मध्ये स्पेरी दांपत्य आणि पेगी मिलर यांनी पुन्हा तपासणी केली. आईशिवाय घरातली इतर माणसे बाळाशी बोलतात ते मोजले, आजूबाजूचे बोलणे मोजले, तेव्हा गरीब वस्त्यांतली काही मुले पुष्कळ शब्द ऐकताना आढळली. म्हणजे ज्यांनी मोजले त्यांनी आजी मोजली नाही, मावशी मोजली नाही, दारातली शेजारीण मोजली नाही! आपल्या बहुजन वस्तीची श्रीमंती नेमकी तीच आहे. फ्लॅटचे दार बंद करून ती आपणच घालवू नये.

त्याच अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या अ‍ॅन आर्बर गावी, मार्टिन ल्यूथर किंग यांचे नाव असलेल्या शाळेत कृष्णवर्णीय मुले मागे पडत होती. शाळा दोष मुलांना देत होती. पालक न्यायालयात गेले. १९७९ मध्ये न्यायाधीश चार्ल्स जॉयनर यांनी निकाल दिला की मुलांची घरची भाषा ध्यानात घेऊन त्यांना वाचन शिकवण्याची जबाबदारी शाळेची आहे. पनवेल, पेण, कर्जत, खालापूरच्या वाड्यांवरच्या कातकरी लेकरांचा विचार या निकालाच्या उजेडात करावा. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक जमात. तिची बोली वेगळी. दिवाळीनंतर आई-बाप वीटभट्टीवर जातात ते पावसाच्या तोंडावर परततात. अंगणवाडीत बसलेल्या त्या लेकराला बाईंची मराठी कळत नाही आणि बाईंना त्याची बोली कळत नाही. ते गप्प बसते. आणि दप्तरी नोंद होते की मूल बोलत नाही!

कोणी म्हणेल, तुम्ही इंग्रजीच्या विरोधात आहात. मुळीच नाही! बाबासाहेबांनी जगाशी इंग्रजीतून वाद घातला आणि जिंकला. आमच्या मुलांनी इंग्रजी शिकलीच पाहिजे, चांगली शिकली पाहिजे. लहान मूल दोन भाषा सहज पेलते, त्याने बोलणे अडत नाही. प्रश्न एवढाच आहे की ज्या आईला स्वतःला इंग्रजीचे चाळीस शब्द येतात, ती बाळाला चाळीसच शब्द देऊ शकते. आपल्या बोलीत तिच्याजवळ हजारो शब्द आहेत, राग आहे, लाड आहे, थट्टा आहे, गोष्ट आहे. एका भाषेत पक्के मुळाशी गेलेले लेकरू दुसरी भाषा लवकर धरते. अर्धवट दोन भाषांत लोंबकळणारे मात्र कुठलेच राहत नाही.

आता शासनाकडे वळू, कारण सगळा भार आईच्या डोक्यावर टाकून मोकळे होणे हा मनुवादी कावा आहे. बोलायला वेळ लागतो आणि कष्टकरी बाईकडून नेमका वेळच हिरावून घेतला जातो. जुलै १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी मांडले होते की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार सरकारने उचलला पाहिजे. १९२९ मध्ये तो कायदा झाला. २०१७ मध्ये पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. पण कोणासाठी? संघटित क्षेत्रातल्या नोकरदार बाईसाठी. धुणीभांडी करणारी आमची भगिनी पंधरा दिवस घरी राहिली तर तिची कामे जातात. पनवेल तालुक्यात विमानतळ उभा राहिला, ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्‌घाटन झाले. चहूकडे टॉवर उठत आहेत. पन्नासपेक्षा जास्त स्त्री कामगार असलेल्या बांधकामावर सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली हवी, असे १९९६ चा बांधकाम कामगार कायदा सांगत होता. नव्या कामगार संहितेतही पाळणाघराची तरतूद आहे. मग खडीच्या ढिगाऱ्यावर खेळणारी ही लेकरे कोणाची? कायदा कागदावर आणि बाळ उन्हात, हे किती दिवस चालायचे?

अंगणवाडीचेही तेच. तीन वर्षांखालील लेकरांसाठीसुद्धा ती आहे, हे आपल्यातल्या कितीजणांना ठाऊक आहे? एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांनी सुरू झाली. त्याच्याही आधी, १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. पुढे १९५७ मध्ये कोसबाडला त्या आणि अनुताई वाघ आदिवासी लेकरांच्या अंगणात जाऊन बसल्या. 'अंगणवाडी' ही कल्पना या मातीत रुजलेली आहे. २०२४ मध्ये केंद्र सरकारने जन्म ते तीन वर्षे वयासाठी 'नवचेतना' नावाचा आराखडा काढला. त्यात बाळाशी बोलणे, खेळणे, गोष्ट सांगणे हे सारे आहे. पण ते करणार कोण? वजन घ्यायचे, आहार वाटायचा, मोबाईलवर माहिती भरायची, वर सर्वेक्षणे करायची, हे सगळे मानधनावरच्या एका सेविकेने. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ या काळात राज्यातल्या अंगणवाडी सेविका संपावर गेल्या, ते उगीच नाही. सेविकेला कामगाराचा दर्जा द्या आणि लेकरांशी बोलायला मोकळीक द्या, ही मागणी आमच्या संघटनांच्या निवेदनात पहिल्या क्रमांकावर असायला हवी.

एक गोष्ट मात्र आई-बापांनी अजिबात टाळू नये. बाळ सहा महिन्यांचे होऊनही आवाजाकडे वळत नसेल, वर्षाचे होऊनही अक्षरे घोळवत नसेल, दीड वर्षाचे होऊनही एकही शब्द नसेल, दोन वर्षांनंतरही दोन शब्द जोडत नसेल, किंवा येत असलेले शब्द गेले असतील, तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठा. पहिल्यांदा कानाची तपासणी. जन्मानंतर महिन्याच्या आत चाचणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत उपचार, असे तज्ज्ञ सांगतात. पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात आधी विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाला. त्याच्या पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुले तपासायची असतात. ते आले का, हे विचारणे तुमचा हक्क आहे. वांद्रे रेक्लमेशनला १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय वाक् आणि श्रवण संस्था आहे. पनवेलहून हार्बर लाईनने वडाळ्याला गाडी बदलली की वांद्रे गाठता येते. वेखंडाने वाचा फुटत नाही, उलट अपाय होऊ शकतो. एक वर्षाच्या आतील बाळाला मधही चाटवू नये. आणि ज्या लेकराला ऐकू येणारच नाही, त्याच्यासाठी हाताच्या खुणांची भाषा ही पूर्ण भाषा आहे. आई-बापांनी ती शिकावी. बहिरे म्हणून कोणाला वाळीत टाकायचे नसते, हे वाळीत पडलेल्या समाजाला तरी सांगावे लागू नये.

कानाचा विषय निघालाच आहे तर कटू वाटले तरी बोलतो. १४ एप्रिलला डीजेच्या भिंतीपुढे तान्ही लेकरे घेऊन उभ्या असलेल्या माता आम्ही दरवर्षी पाहतो. तो आवाज त्या कोवळ्या कानांना इजा करतो. ज्या महामानवाने मुक्यांना वाचा दिली, त्याच्या जयंतीत लेकरांचे कान जावेत काय? वामनदादा कर्डकांची परंपरा सांगणाऱ्या समाजाला डीजेची गरज काय? भीमाचा पाळणा गायला बायांचा गळा पुरतो, आणि पाळण्यातले बाळ तो ऐकूनच शब्द शिकते.

म्हणून आमचे आवाहन आहे. पनवेल परिसरातल्या प्रत्येक बुद्धविहारात रविवारच्या वंदनेनंतर एक तास लहान बाळांच्या मातांसाठी राखून ठेवा. आज्यांना बोलवा, गोष्टी सांगू द्या, पाळणे गाऊ द्या. वस्तीतल्या अंगणवाडी सेविकेला सन्मानाने बोलवा. जयंती समित्यांनी वर्गणीतला वाटा चित्रांच्या पुस्तकांसाठी काढावा. बापांनीही कामावरून आल्यावर मोबाईल खिशात ठेवून लेकराला मांडीवर घ्यावे. मालीश करताना, आंघोळ घालताना, भाकरी थापताना जे हातात आहे त्याचे नाव सांगावे. लेकरू 'पानी' म्हणाले तर 'पानी पायजे? गार पानी देऊ?' असे म्हणावे. बोबडे बोलले तर हसू नये आणि चुकले तर रागावू नये. गैर उच्चारही पुढे आपोआप सुधारतो, पण एकदा दबलेला आवाज सुधारायला पिढ्या जातात. ते आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे?

बाबासाहेबांनी आपल्याला बोलायला लावले. आता आपण आपल्या लेकरांना बोलते करू या. आज रात्री, आपल्या घरात, आपल्या भाषेत!

जयभीम!